वादळ आठशे किलोमीटर दूर धडकलं, तरी शेतात पूर कसा? 'गुलाब' चक्रीवादळ आणि मांजरा नदी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं शेत लातूर तालुक्यात मांजरेच्या काठाला, मांजरा धरणाच्या खालच्या अंगाला. 26 सप्टेंबर 2021 ला संध्याकाळी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर धडकलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर वादळाचा जोर ओसरल्याची बातमी आली. आणि 28 तारखेला यांच्या शेतात कापून ठेवलेल्या सोयाबीनची बनीम (गंजी) पाण्यावर तरंगत होती. समुद्र एवढा लांब असताना हे झालं कसं, आणि धरणाचं पाणी आधीच थोडं थोडं का सोडलं नाही, असे दोन सवाल त्यांनी केलेत.

मी जलसंपदा खात्यात बरीच वर्षं पूरनियंत्रणाचं काम केलं आहे. पावसाळ्यातल्या कितीतरी रात्री येवा (धरणात येणारं पाणी) आणि विसर्गाचे (धरणातून सोडलेल्या पाण्याचे) आकडे लिहिण्यात गेल्या. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण हा पूर नीट समजून घ्यायचा तर आंध्रच्या किनाऱ्यावरच्या श्रीकाकुळमपासून सुरुवात करावी लागते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. चक्रीवादळाची प्रतवारी वाऱ्याच्या वेगावर ठरते, पावसावर नाही. वारा ताशी 31 ते 49 किलोमीटर असेल तर डिप्रेशन, 50 ते 61 असेल तर डीप डिप्रेशन, 62 च्या वर गेला की चक्रीवादळ आणि मग त्याला नाव मिळतं. त्यापुढे तीव्र, अतितीव्र असं करत 222 च्या वर महाचक्रीवादळ. ही प्रतवारी मच्छीमारांसाठी, बंदरांसाठी, किनाऱ्यावरच्या कच्च्या घरांसाठी अगदी योग्य आहे. पण या शिडीवर पाऊस कुठेच मोजलेला नाही. म्हणून बातमीत 'चक्रीवादळाचं डिप्रेशनमध्ये रूपांतर झालं' असं येतं तेव्हा वारा कमी झाला एवढंच कळतं. ढगांत पाणी किती उरलंय, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नसतं. 27 तारखेला लाखो लोकांनी ते वाक्य ऐकलं आणि धोका टळला असं समजून झोपले. माझ्या मते त्या पुरातलं पहिलं नुकसान तिथे झालं.

आता वादळाचा जन्म. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असलं, वरच्या थरांपर्यंत दमट हवा असली आणि खालच्या व वरच्या वाऱ्यांच्या वेगात-दिशेत फार तफावत नसली, की कमी दाबाच्या क्षेत्राला बळ येतं. गरम पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, ढग होताना वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब आणखी घटतो आणि चारी बाजूंची हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न जाता आपल्याकडे घड्याळाच्या उलट दिशेने गरगरत आत येते. सप्टेंबरात बंगालच्या उपसागराचं पाणी भरपूर गरम असतं. तरीही त्या महिन्यात तिथे चक्रीवादळं क्वचितच होतात, कारण मोसमी पावसाच्या दिवसांत खाली पश्चिमेचे आणि वर पूर्वेचे जोरदार वारे असतात आणि उभा राहणारा ढगांचा खांब त्यात मोडतो. शिवाय या दिवसांतली कमी दाबाची क्षेत्रं किनाऱ्याजवळ तयार होतात आणि पुरेशी तापायच्या आत जमिनीवर चढतात. या शतकात सप्टेंबरात झालेली याआधीची उदाहरणं म्हणजे 2005 चं 'प्यार' आणि 2018 चं 'दये'.

'गुलाब' हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं. 25 सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याला ते मिळालं आणि अवघ्या एका दिवसात, 26 च्या संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास, ते आंध्र प्रदेशातल्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनारा ओलांडून आत आलं. वारा ताशी 75 ते 85 किलोमीटर, झोत 95 पर्यंत. फयान, निसर्ग, तौक्ते पाहिलेल्या कोकणातल्या माणसाला हा आकडा काही फार वाटायचा नाही. वाऱ्याच्या मापाने ते साधंच वादळ होतं.

जमिनीवर आल्यावर चक्रीवादळ मरतं ते दोन कारणांनी. एक, खालून वाफेचा पुरवठा तुटतो. दोन, डोंगर, झाडं, इमारती यांच्याशी घासून जमिनीलगतचा वारा मंदावतो. दुसरं कारण ताबडतोब लागू होतं, म्हणून काही तासांतच प्रतवारी घसरते. पहिलं मात्र जमिनीची आणि हंगामाची स्थिती काय आहे यावर असतं. आणि सप्टेंबर 2021 मध्ये ही स्थितीच वेगळी होती. त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त पाऊस झाला. मोसमी पाऊस वायव्य भारतातून माघारी फिरायला लागला तोच मुळी 6 ऑक्टोबरला, म्हणजे नेहमीपेक्षा बराच उशिरा. छत्तीसगड, तेलंगणा, विदर्भ, सगळी जमीन चिंब ओली, भातखाचरं तुडुंब. वादळ ज्या वाटेने आलं तिथून त्याला खालून थोडी वाफ मिळतच राहिली. त्याहून मोठं बळ अरबी समुद्राकडून आलं. नैऋत्येचे मोसमी वारे अजून वाहत होते आणि पश्चिमेकडून येणारा बाष्पाचा लोंढा थेट या फिरत्या हवेत ओतला जात होता. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला वारा पडल्यासारखा वाटत होता, पण दोन-तीन किलोमीटर उंचीवर ते चक्र शाबूत होतं आणि दोन्ही समुद्रांचं बाष्प ओढत होतं.

कलिंगपट्टणमपासून लातूर सरळ रेषेत सुमारे 800 किलोमीटर. हे चक्र ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या चालीने पश्चिमेला सरकत होतं, म्हणजे दीड दिवसाचा प्रवास. 26 ची रात्र, 27 चा दिवस, आणि 27 च्या रात्री ते तेलंगणा ओलांडून मराठवाडा-विदर्भाच्या वेशीवर. हिशेब जुळतो. मराठवाड्यात पावसाने कहर केला तो 27 च्या रात्रीपासून 28 च्या सकाळपर्यंत.

हा पाऊस पडतो कुठे, हेही लक्षात घ्यायला हवं. पश्चिमेला सरकणाऱ्या डिप्रेशनचा मुख्य पाऊस केंद्रावर पडत नाही, तर त्याच्या नैऋत्य अंगाला पडतो, कारण मोसमी वारे आणि चक्राचे वारे तिथे एकमेकांना भिडतात. केंद्र नांदेड-यवतमाळच्या बाजूला दाखवलं असेल तर पाण्याची काळजी लातूर, बीड आणि धाराशिवने, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादने, करायची. नकाशावरचा ठिपका आपल्यापासून दोनशे किलोमीटर लांब आहे म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं मी अनेकदा पाहिली आहेत.

आता पाण्याचा हिशेब करू, कारण पुराचं खरं स्वरूप त्यातच कळतं. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक हजार घनमीटर पाणी. मांजरा धरणाचं पाणलोट क्षेत्र दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. हिशेबाला दोन हजार धरा आणि एका रात्रीत सगळीकडे शंभर मिलिमीटर पडला असं समजा. झाले 200 दशलक्ष घनमीटर, आमच्या भाषेत 200 दलघमी. जूनमध्ये हाच पाऊस पडला असता तर भेगाळलेल्या काळ्या जमिनीने त्यातला बहुतेक गिळला असता. पण काळी माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात आणि मग वरचं पाणी आत जायला वाटच उरत नाही. त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मराठवाड्यात जोरदार पाऊस होऊन गेला होता. त्यानंतरही पावसाने उघडीप अशी दिली नव्हती. अशा जमिनीवरून निम्मं पाणी सहज वाहून येतं. म्हणजे 100 दलघमी. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा आहे सुमारे 177 दलघमी. निम्म्याहून अधिक धरण भरेल एवढं पाणी एका रात्रीच्या पावसातून येऊ शकतं, आणि ते येत होतं तेव्हा धरण आधीच भरत आलेलं होतं.

म्हणून 28 सप्टेंबरला मांजरा धरणाचे सगळे, म्हणजे 18 दरवाजे उघडावे लागले. विसर्ग सुमारे 70,800 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. तिकडे बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणाचे 11 दरवाजे उघडून 80,500 क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं जात होतं. तेरणा नदीचं पाणी वेगळं, लहान ओढ्या-नाल्यांचं वेगळं.

दुसरा सवाल इथे येतो. आधी का नाही सोडलं?

यासाठी 2016 आठवावं लागेल. त्या वर्षी हेच मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेत दहा टँकर वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लोक फलाटावर ती बघायला जमले होते. आता त्या पाच लाख लिटरची 28 सप्टेंबर 2021 च्या विसर्गाशी तुलना करा. एवढं पाणी त्या दिवशी सांडव्यावरून पाव सेकंदात जात होतं. एकाच धरणाने साडेपाच वर्षांच्या अंतराने ही दोन्ही टोकं पाहिली.

अशा धरणावर बसलेल्या अभियंत्याच्या डोक्यात सप्टेंबरच्या शेवटी काय चालू असतं हे मला चांगलं ठाऊक आहे. परतीचा पाऊस येईलच याची खात्री नसते. लातूर, केज, कळंब, अंबाजोगाई यांचं पुढच्या जूनपर्यंतचं पिण्याचं पाणी त्या भिंतीमागे असतं. जलाशय परिचालनाच्या सूचीत तारखेनुसार पातळी ठरवून दिलेली असते आणि सप्टेंबर संपता संपता धरण पूर्ण भरलेलं असावं असंच ती सूची सांगते. दुष्काळी मुलखातली धरणं पाणी साठवण्यासाठी बांधली आहेत, पूर अडवण्यासाठी नाहीत. पूर सामावून घ्यायला मोकळी जागा त्यांत राखून ठेवलेलीच नसते.

तरीही मी असं म्हणेन की दीड दिवस हातात होता. 26 च्या रात्री वादळ जमिनीवर आलं तेव्हा त्याची वाट स्पष्ट होती आणि हवामान विभागाने मराठवाड्याला मुसळधार पावसाचा इशारा दिलेला होता. समजा अशा वेळी 10,000 क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं, तर साधारण 24 दलघमी जागा मोकळी होते. नदीच्या पात्रात हे पाणी मावतं, गावात शिरत नाही. त्याने पूर टळला असता असं मी म्हणत नाही, आकडेच तसं म्हणू देत नाहीत. पण सगळे दरवाजे एकाच वेळी उघडायची पाळी काही तास पुढे गेली असती आणि खालच्या गावांना नदी चढते आहे हे दिवसाउजेडी दिसलं असतं. पुरात रात्रीचे तीन तास आणि दिवसाचे तीन तास सारखे नसतात. मात्र असा निर्णय एकट्या शाखा अभियंत्याच्या खांद्यावर टाकून चालणार नाही. पाऊस आलाच नाही तर पुढच्या मे महिन्यात त्याच्याच नावाने मोर्चा निघतो. पावसाच्या अंदाजावरून आगाऊ विसर्ग करण्याचा नियम लेखी हवा, वरून मंजूर केलेला हवा आणि त्याची जबाबदारी खात्याने घ्यायला हवी. हे मी नोकरीत असतानाही बोलत होतो, आताही बोलतो.

धरणाखाली आणखी एक गुंता आहे. लातूर जिल्ह्यात मांजरेवर एकापाठोपाठ एक बॅरेजेस, म्हणजे दरवाजे असलेले बंधारे, आहेत. उन्हाळ्यात त्यांनी या भागाला तारलं, यात शंका नाही. पण पुराच्या वेळी प्रत्येक बॅरेजचे दरवाजे पाण्याच्या आधी वर गेले पाहिजेत. पावसात वीज गेलेली असते, मग दरवाजा हाताने फिरवून उचलावा लागतो आणि एकेका दरवाजाला वेळ लागतो. तेवढ्यात वरून उसाचं पाचट, उन्मळलेल्या बाभळी, कुणाची तरी बनीम, पीव्हीसी पाइप असं सगळं वाहत येतं आणि खांबांमध्ये अडकून जाळीच तयार होते. मग नदी बॅरेजला वळसा घालून बाजूच्या शेतातून वाट काढते. अशा ठिकाणी पाणी पिकाच्या वर नुसतं उभं राहत नाही, ते वाहतं, आणि वरची वीतभर माती घेऊन जातं. पंचनाम्यात 'जमीन खरडून गेली' असा एक रकाना असतो. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येतं. ती माती पुन्हा भरायला शेतकऱ्याची पिढी जाते. तुमचं शेत बॅरेजच्या लगेच खाली किंवा नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर तुम्ही हे पाहिलंच असणार.

त्या दोन दिवसांत राज्यात किमान 13 जणांचा जीव गेला, साडेपाचशेहून जास्त लोकांची सुटका करावी लागली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, काही ठिकाणी हेलिकॉप्टर आणावं लागलं. यवतमाळच्या उमरखेड तालुक्यात दहागावजवळ पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस त्यात घातली गेली आणि ती वाहून गेली. पुलावर पाण्याची उंची गुडघ्याएवढी दिसते तेव्हा खालचा भराव आहे की गेला, हे वरून कुणालाच कळत नाही. मी कितीही अनुभवी असलो तरी मलाही कळणार नाही.

सोयाबीनचं सांगायला नको. पीक नेमकं काढणीला आलेलं. उभ्या पिकाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, कापलेलं वाहून गेलं. ऑक्टोबरात राज्य सरकारने 10,000 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात जिरायतीला हेक्टरी 10,000, बागायतीला 15,000 आणि बहुवार्षिक पिकांना 25,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत.

वादळाची गोष्ट मात्र इथे संपली नव्हती. मराठवाड्यावर पाणी ओतून ते चक्र गुजरातमार्गे खंबातच्या आखाताकडे गेलं, 30 सप्टेंबरला ईशान्य अरबी समुद्रात पुन्हा डिप्रेशन झालं आणि 1 ऑक्टोबरला पुन्हा चक्रीवादळ. जमिनीवर असताना ते डिप्रेशनच्याही खाली घसरलं होतं, म्हणून त्याला नवं नाव मिळालं, कतारने सुचवलेलं 'शाहीन'. 2018 मध्ये तमिळनाडू ओलांडून अरबी समुद्रात उतरलेल्या 'गज'ने डिप्रेशनची पातळी सोडली नव्हती, म्हणून त्याचं नाव कायम राहिलं. 'शाहीन' तीव्र चक्रीवादळ होऊन 3 ऑक्टोबरला ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर धडकलं. त्या बाजूचा किनारा वादळांच्या नेहमीच्या वाटेवर नाही. अल खाबुरामध्ये साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. मस्कतसारख्या शहरात वर्षाकाठी शंभरच्या आसपास पडतो, यावरून अंदाज येईल. एरवी वर्षभर कोरड्या असणाऱ्या वाद्यांमधून, म्हणजे तिथल्या ओढ्या-नद्यांच्या पात्रांमधून, लोंढे आले आणि तिथेही माणसं गेली. मस्कतमध्ये राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांनी आधी लातूर-बीडला फोन करून घरच्यांची खुशाली विचारली होती. आठवडाभरात गावाकडचे फोन त्यांना येऊ लागले.

असं वारंवार होतं का? होतं. 13 ऑक्टोबर 2020 ला काकिनाड्याजवळ एक डीप डिप्रेशन जमिनीवर आलं. वारा चक्रीवादळाच्या पातळीला पोहोचलाच नाही, म्हणून त्याला नावसुद्धा मिळालं नाही. त्याने हैदराबाद बुडवलं, मग सोलापूर जिल्ह्यात पूर आणला. पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जण गेले, तेही त्याच पावसात. ज्याला नाव नाही त्याची बातमी होत नाही आणि बातमी नाही म्हणून कुणी बनीम हलवत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आंध्र किंवा दक्षिण ओडिशाच्या किनाऱ्याला काही धडकलं, तर वाऱ्याच्या आकड्याकडे बघू नका. ते पश्चिमेला सरकतंय का, एवढं आधी बघा. सरकत असेल तर धडकल्यापासून तुमच्याकडे साधारण छत्तीस तास आहेत. हवामान विभागाचा जिल्हावार पावसाचा इशारा रोज बघा, आणि केवळ तुमच्या जिल्ह्याचा नको. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, म्हणून तुम्ही लातूरला असलात तरी पाटोदा, केज, भूम, वाशी इकडच्या महसूल मंडळांत किती पाऊस पडला ते महत्त्वाचं. धरण नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर वरचा पाऊस हाच तुमचा पूर समजा. येवा किती आहे हे शाखा कार्यालयात फोन करून विचारा. हा आकडा विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि बहुतेक अभियंते तो सांगतात. येवा विसर्गापेक्षा जास्त असेल तर पुढच्या काही तासांत विसर्ग वाढणारच.

सोयाबीन कापायचं राहिलं असेल तर त्या दोन दिवसांत कापू नका. उभं पीक पाण्यात काही तास तग धरतं, कापलेलं धरत नाही. कापलेलं असेल तर बनीम नदीच्या बाजूने उचलून बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला उंचावर न्या. मोटारी आणि स्टार्टर सोडवून घरी आणा. जनावरांची दावी रात्री सोडून ठेवा. शेतातली माणसं आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) झोपत असतील तर त्यांना सूर्य मावळायच्या आत गावात बोलवा. विम्याचे नियम दर हंगामाला बदलतात, म्हणून काढणीपश्चात नुकसान विम्यात आहे का आणि असेल तर सूचना किती तासांत द्यायची हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) जूनमध्येच विचारून ठेवा, आणि पाणी ओसरायच्या आत, पाणी उभं असतानाच, गट क्रमांकाच्या खुणेसह फोटो काढा.